बारदान वजा

आमच्या लीगच्या नियमावलीत तेवीस नियम आहेत आणि ते सगळे मी लिहिलेत. हे मिरवण्यासाठी सांगत नाही; पूर्वी मिरवायचो. खालापूरच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. तिथं एक गोष्ट शिकलो. वाक्यात जरा फट राहिली की तिच्यातून माणूस बैलगाडीसकट बाहेर पडतो. त्यामुळे कर्जत-खालापूर किशोर-किशोरी कबड्डी लीग सुरू झाली आणि नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी एकही फट ठेवली नाही. सातव्या नियमातून तर मुंगीसुद्धा जाणार नाही: 'वजनाबाबत मापाड्याचा शब्द अंतिम राहील. त्यावर कोणाचीही हरकत कोणत्याही कारणास्तव ऐकली जाणार नाही.'

त्या नियमात शेवटी अडकला तो आमचा मापाडी, पदूमामा.

पदूमामा भिसेगावचा. वय एकसष्ट, बांधा काडीचा, आणि चेहरा असा की हसतोय की उन्हानं डोळे बारीक केलेत ते कळू नये. सोळाव्या वर्षापासून तो नवीनशेठच्या भातगिरणीत माप करतो. आधी शेठच्या वडिलांकडे, मग शेठकडे. भात आलं, पोतं काट्यावर चढलं, की पदूमामा मोठ्यानं मोजायला लागतो. पहिल्या पोत्याला तो 'एक' म्हणत नाही. जुन्या मापाड्यांची रीत आहे, पहिल्याला 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. आणि प्रत्येक पोत्याचं वजन सांगून झालं की शेवटी दोन शब्द: 'बारदान वजा.' म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन सोडून. पंचेचाळीस वर्षांत पदूमामा बारदान वजा करायला विसरला असं सांगणारा शेतकरी मला कर्जतपासून खोपोलीपर्यंत भेटलेला नाही.

लीगमध्ये तो आला तो असा. आमची लीग सोळा वर्षांखालच्या पोरापोरींची. वजन पंचावन्न किलोच्या आत हवं. वजन हंगामात एकदाच, पहिल्या रविवारी. त्यात जो बसला नाही तो त्या वर्षापुरता बाहेर. पहिल्या वर्षी काटा गिरणीचा, म्हणून माणूसही गिरणीचा. एका बड्या ठेकेदाराचा मुलगा पंचावन्न-नऊशे भरला. ठेकेदार लीगला मॅट देणार होता. सगळी समिती घसा खाकरायला लागली. पदूमामानं पोराला खाली उतरवलं आणि म्हणाला, "काटा बोलला. आता मी काय बोलू?" मॅट गेली. आम्ही ते वर्ष भाताच्या कापलेल्या शेतात खेळलो, पोरांचे गुडघे फुटले, पण लीगचं नाव झालं. त्याच रात्री मी सातवा नियम लिहिला. खरं म्हणजे तो नियम नव्हताच, पदूमामाला घातलेला हार होता.

पोरांना तो आवडायचा. वजनाच्या दिवशीही पहिल्या पोराला तो 'लाभ' म्हणायचा, आणि आपल्याला लाभ म्हणावं म्हणून पोरं सकाळी सहापासून रांग लावायची. ज्या संघाचं पोर लाभ, तो संघ फायनलला जातो, अशी त्यांची समजूत. आठ वर्षांत हे दोनदाच खरं झालं, पण समजुतीला तेवढं पुरतं.

गेल्या वर्षी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, रांगेत पहिली होती कोंडाण्याची अक्षदा.

ही पोर म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. पंधरा वर्षांची, उंचीनं बेताची, आणि चढाईला गेली की समोरच्या सात जणींना एकमेकींच्या पायात अडकवून परत यायची. आदल्या वर्षी तिनं एकटीनं कोंडाण्याला उपांत्य सामन्यापर्यंत नेलं होतं. गेल्या वर्षी सामने बघायला पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाची दोन माणसं येणार होती. निवडलं तर शिक्षण, खाणं, खेळ सगळं तिकडेच. अक्षदाला फेब्रुवारीत सोळावं संपत होतं. म्हणजे ते वर्ष तिचं शेवटचं, पुढच्या वर्षी ती वयातच बसणार नव्हती. तिची बाई, सोनाली, कोंडाण्याच्या शाळेत शिकवते आणि संघही तीच तयार करते. तिनं पोरीला महिनाभर लेण्यांच्या वाटेवर पळवून वजन आत आणलं होतं.

आता काट्याबद्दल. आठ वर्षं आमच्याकडे जुना लोखंडी काटा होता. डिसेंबरात त्याचा पत्रा बर्फासारखा गार पडतो, पोरं अनवाणी चढून एक पाय वर एक पाय खाली करतात आणि काटा नाचतो. म्हणून पदूमामा त्यावर रिकामं बारदान अंथरायचा. अंथरलं की काट्याचा स्क्रू पिळून शून्यावर आणायचा आणि मग पोर चढवायचा. त्या वर्षी नवीनशेठनी लीगला नवा, विजेचा काटा दिला. शेठ आमचे अध्यक्ष. रविवारी लीगचा आणि सोमवार ते शनिवार गिरणीचा, असा तो काटा होता. लाल आकडे. कोरा करकरीत. पदूमामानं तो सुरू केला, शून्य आलं, त्यानं शून्य सगळ्यांना दाखवलं, आणि सवयीनं बारदान अंथरलं. पिळायला स्क्रू नव्हता. त्याला वाटलं, नवं यंत्र आहे, आपलं आपण वजा करत असेल. आकडा बघण्याआधीच अक्षदा हसत वर चढली.

"लाभ," पदूमामा म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, "पंचावन्न, चारशे पन्नास."

पोरीचं हसू गेलं. सोनाली पुढं आली. "मामा, शाळेच्या काट्यावर काल चौपन्न-नऊशे होती."

"शाळेचा काटा शाळेत, बाई."

आमच्या नियमात अर्ध्या तासाची सवलत आहे. अक्षदानं दोन स्वेटर चढवले आणि मैदानाला फेऱ्या मारायला लागली. मी खुर्चीवरून बघत होतो. दहाव्या फेरीला ती कडेला ओणवी होऊन थुंकत होती, थुंकीतही वजन असतं असं कुणीतरी सांगितलेलं. परत आली तेव्हा कानातले काढले, पायातला काळा दोरा तोडला, चढली. पंचावन्न-अडीचशे.

"मामा, परत एकदा बघा ना," ती म्हणाली.

"काटा बोलला गं, पोरी."

सोनालीनं हरकत घेतली नाही. पदूमामानं सांगितलं म्हणजे संपलं, असंच सगळा तालुका धरून चालतो. त्या दिवशी एकशे चाळीस वजनं झाली आणि बाकी सगळी पंचावन्नच्या चांगली आत होती, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. बाहेर गेली ती एकटी अक्षदा.

सोमवारी काटा गिरणीत आला. दुकानातला माणूस तो नीट लावून द्यायला आला होता. पदूमामानं पोतं ठेवायला घेतलं तसा तो म्हणाला, "मामा, आधी रिकामं बारदान ठेवा आणि हे बटण दाबा. म्हणजे बारदान आपोआप वजा."

"आणि दाबलं नाय तर?"

"तर बारदान वजनात धरणार की."

पदूमामानं काटा बंद करून पुन्हा सुरू केला. शून्य आलं. त्यावर बारदान ठेवलं, बटण दाबलं नाही. लाल आकडे आले: सहाशे ग्रॅम.

हे मला त्यानं मंगळवारी सकाळी सांगितलं. माझ्या ओट्यावर बसला, पण पाणी घेतलं नाही. "नवनाथ, पोर चौपन्न-साडेआठशे होती," तो म्हणाला. "पळायच्या आधीच बसत होती. मी तिला फुकट पळवली." मग त्यानं स्वतःचे तळवे बघितले. "बारदान. बारदान इसरलो मी. न्हाव्यानं वस्तरा इसरावा तसा." त्याच्या बायकोनं, मोतीबाईनं, त्याला सरळ सांगितलं होतं की चुकलात तर चुकलो म्हणा आणि पोरीला आत घ्या, त्यात काय एवढं. मोतीबाईनं माझी नियमावली वाचलेली नव्हती.

मी कपाटातून ती काढली. चष्मा लावला. मला वाटलं होतं, आपणच लिहिलंय, आपल्याला वाट सापडेल. हरकत फक्त कर्णधार घेऊ शकतो, तेही तासाभरात. तास रविवारीच संपला होता. नियमात बदल फक्त वार्षिक सभेत, आणि तो पुढच्या हंगामापासून. आणि सात. मापाड्याचा शब्द अंतिम. मापाडी स्वतःच म्हणाला की शब्द चुकला, तर काय, याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तसं होईल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'कोणाचीही हरकत' असं मी लिहिलं होतं, आणि त्या 'कोणाचीही'त पदूमामाही येत होता.

"पण शब्द माझाच हाय ना?" तो म्हणाला. "मग मीच फिरवतो."

मी म्हटलं, समितीपुढं जाऊ.

बुधवारी आम्ही पाच जण गिरणीच्या ऑफिसात बसलो. नवीनशेठ माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. पदूमामाच्या मुलीच्या लग्नात त्यांनी उभं राहून पंगती वाढल्या होत्या. पण भिसेगावचा संघ त्यांचा, आणि भिसेगावच्या वाटेत कोंडाणं. हे ते बोलले नाहीत, आम्हीही बोललो नाही. ते म्हणाले, "मामा, तुमचा शब्द अंतिम. तुम्हीच त्याला हात लावायला लागलात तर उद्या प्रत्येक जण लावेल. आठ वर्षांत जी पोरं बाहेर काढली त्यांचे बाप येतील. ठेकेदार येईल. काय सांगणार त्यांना?"

"तेव्हा जुना काटा होता, शेठ. तेव्हा मी शून्य करायचो."

"आज तुम्ही म्हणता करायचो. पुरावा काय? तुमचा शब्दच ना? आणि तोच चुकतो असं तुम्हीच सांगताय."

पदूमामा उभाच होता. खुर्ची होती, पण शेठसमोर तो पंचेचाळीस वर्षांत कधी बसलेला नव्हता, आणि त्या दिवशीही बसला नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्याची गत झाली. खरं बोललो तर आजवरचं सगळं खोटं पडतं, आणि गप्प बसलो तर ही एक पोर जाते. शेवटी म्हणाला, "मग माझं मापाडीपण काढा. मी चुकीचा हाय."

"काढता येत नाही," शेठ म्हणाले. "हंगाम सुरू झाल्यावर मापाडी बदलता येत नाही. नवनाथभाऊंनीच लिहिलंय."

तेही मीच लिहिलं होतं. नियम नऊ. ठेकेदारानं मापाडी बदलायचा घाट घालू नये म्हणून.

शेठनी मत घेतलं. अक्षदाला आत घ्यावं, यासाठी एक हात वर आला. घेऊ नये, यासाठी तीन. मी चिटणीस, आणि चिटणीसालाही मत असतं. मी इतिवृत्त लिहिण्यात गढून गेलो होतो. निदान तसं दिसेल इतकं खाली मी डोकं घातलं होतं. पदूमामा माझ्याकडे बघत होता हे मला मान खाली घालूनही कळत होतं. त्या बैठकीची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

बाहेर आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "स्कूटर हाय ना? कोंडाण्याला चल."

अक्षदाच्या घराच्या अंगणात सोनालीही आलेली होती. अक्षदाची आई आवडी पेंढा रचत होती, ती पदर सावरत पुढं आली आणि पदूमामाला बघून अक्षदावरच करवादली, "बघ, मामा आलं. पाया पड. त्यांचा दिवस खराब केलास तू." पोर वाकायला गेली तसा पदूमामा दोन पावलं मागं सरला.

त्यानं सगळं सांगितलं. बारदान, बटण, सहाशे ग्रॅम. समितीनं काय ठरवलं तेही. एकही गोष्ट मऊ केली नाही. सोनालीचा चेहरा लाल झाला. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला खालापूरच्या कचेरीची नोटीस बरी वाटली असती. अक्षदा मात्र हळूच म्हणाली, "म्हणजे पाण्यानं नाय झालं?"

"कसलं पाणी?"

"सकाळी निघताना मी पाणी प्यायले. बाई नको म्हणल्या होत्या. दोन घोट. कुणाला सांगितलं नाय." ती आईकडे बघत होती. "मला वाटलं त्या पाण्यानं गेलं. मी चार दिस धरून चाललेय की माज्यामुळंच गेलं."

पदूमामा तिथंच, पेंढ्याच्या भाऱ्यावर बसला. माणूस रडला तर काहीतरी करता येतं. तो रडला नाही. नुसता बसला.

"तुमी बोललात म्हणून मी माजीच चूक धरली, मामा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती नुसतं झालं ते सांगत होती.

कोंडाणं दुसऱ्या रविवारी हरलं. भिसेगावनंच हरवलं. पुण्याची माणसं उपांत्य सामन्याला आली, फायनललाही आली, कागदावर नावं लिहून घेत होती. फायनलला अक्षदा प्रेक्षकांत, दोरीच्या बाहेर, सोनालीच्या शेजारी उभी होती. आणि काट्याजवळ पदूमामा. फायनलला काट्याचं काही काम नव्हतं. शेठनी तो शोभेला ठेवला होता, कारण त्या दिवशी मापाड्याचा सत्कार होता.

शाल घातली, नारळ दिला. मग पदूमामानं माइक मागितला. लीगच्या आठ वर्षांत तो माइकवर कधी बोललेला नव्हता. "मी चुकलोय," तो म्हणाला. त्यानं काट्यावर बारदान ठेवलं, लाल सहाशे सगळ्यांना दाखवलं, आणि कोंडाण्याच्या पोरीचं नाव घेऊन सांगितलं की ती वजनात होती. मला वाटलं, सुटला. आता लोक उठतील, ओरडतील, पुण्याची माणसं विचारतील ही पोर कोण.

नवीनशेठनी माइक हातात घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तो खोटा नव्हता. "बघा," ते म्हणाले, "एवढा प्रामाणिक माणूस तुम्हाला सगळ्या रायगडात मिळणार नाही. स्वतःची चूक स्वतः सांगतो! म्हणूनच आपण म्हणतो, मापाड्याचा शब्द अंतिम." आणि टाळ्या. इतक्या टाळ्या की भिंतीवरची कबुतरं उडाली. पदूमामा हात हलवत होता, नको नको म्हणत होता, आणि लोकांना तो विनय वाटत होता. पुण्याची माणसंही टाळ्या वाजवत होती.

शाल खांद्यावर तशीच, तो दोरीपाशी गेला. मी मागोमाग गेलो. "अक्षदा," तो म्हणाला, "चल गं. चढ एकदा काट्यावर. बारदान काढतो, शून्य करतो. ही माणसं हायत तवर बघू देत त्यांना."

ती काट्याकडे बघत राहिली. एक पाऊल टाकलंही. मग मागं घेतलं.

"नको, मामा," ती म्हणाली. "आता कमी भरलं तर मनाला जास्त लागंल."

सोनालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या दोघी गर्दीतून बाहेर गेल्या. पदूमामा दोरी धरून उभा होता. मैदानात शिट्टी झाली आणि फायनल सुरू झाली.

मार्चमधल्या वार्षिक सभेत मी नवा नियम मांडला: काट्यावर बारदान अंथरू नये. एकमतानं मंजूर. नियम नऊ काढून टाका असंही मी म्हटलं. तो पुढच्या सभेपर्यंत विचारार्थ ठेवला. नियम सात कुणी काढू दिला नाही. पदूमामानं राजीनामा लिहून माझ्याकडे दिला होता. शेठनी तो फाडला आणि म्हणाले, असा माणूस आपल्याला परत कुठं मिळायचा. गिरणीही त्यांचीच, पाण्यात राहून माशाशी वैर किती करणार. अक्षदा आता कर्जतच्या कॉलेजात अकरावीला आहे. कबड्डी खेळते की नाही, हे मी सोनालीला विचारलं नाही.

यंदा डिसेंबरात पहिल्या रविवारी मी गेलो तेव्हा रांग लागलेली होती. काटा उघडा, पत्रा गार. सगळ्यात पुढं साजगावची एक बारकी पोर, पहाटे पाचपासून उभी, दात कडकड वाजत होते, पण तोंडभर हसू. पदूमामानं शून्य केलं. बघितलं. पुन्हा शून्य केलं. पोर चढली आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागली.

"एक," पदूमामा म्हणाला.

"मामा," ती म्हणाली, "लाभ म्हणा ना."

त्यानं मान वर केली नाही. "पन्नास, दोनशे," तो म्हणाला. "उतर गं. आणि परत चढ."